विश्लेषण: बीपीच्या रुग्णांना ब्रेन स्टेममधला रक्तस्राव का गाठतो?

‘कालपर्यंत तर ठणठणीत होते.’ ब्रेन हॅमरेजच्या बातमीनंतर हे वाक्य हमखास ऐकू येतं. रक्तस्राव ब्रेन स्टेममध्ये झाला असेल तर रुग्ण काही मिनिटांत कोमात जाऊ शकतो. त्यामुळे सगळं अचानक घडल्यासारखं वाटतं. तयारी मात्र अनेक वर्षं सुरू असते.

ब्रेन स्टेम म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा, साधारण अंगठ्याएवढा भाग. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, शुद्ध राहणं हे सगळं इथून चालतं. त्याच्या मधल्या भागाला पॉन्स म्हणतात. बीपीमुळे होणारा इथला रक्तस्राव बहुतेकदा पॉन्समध्येच होतो, कारण त्याला रक्त पुरवणाऱ्या अगदी बारीक वाहिन्या थेट मोठ्या बॅसिलर धमनीतून निघतात. मोठ्या धमनीतला दाब त्यांना जवळपास तसाच सोसावा लागतो. भिंती कमकुवत होत जातात आणि एखादी वाहिनी फुटते.

अचानक डोकेदुखी, उलटी, एकाच्या दोन वस्तू दिसणं, जीभ जड होणं, हातपाय लुळे पडणं ही लक्षणं. काही रुग्ण शुद्धीवर असतात, पण डोळ्यांशिवाय काहीच हलवू शकत नाहीत.

ऑपरेशन करता येतं का?

क्वचितच. जागाच इतकी नाजूक आहे की भर बीपी आणि श्वास सांभाळण्यावर असतो. पण बीपी जास्त दिसलं म्हणून घरीच जादा गोळी देऊ नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही आणि गुठळी असेल तर बीपी एकदम उतरणं घातक ठरू शकतं. १०८ ला फोन करा, सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठा.

मग अडतं कुठे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के महिलांना उच्च रक्तदाब आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. ठरलेली औषधं, सरकारी केंद्रात मोफत गोळ्या आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, असं त्याचं साधं सूत्र. यातला पाठपुरावा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बीपी दुखत नाही, म्हणून बरं वाटलं की गोळी सुटते. २०२३ मध्ये केंद्राने मधुमेह आणि रक्तदाबाच्या साडेसात कोटी रुग्णांना २०२५ पर्यंत उपचारांखाली आणण्याचं लक्ष्य जाहीर केलं. त्यातल्या किती जणांचं बीपी १४०/९० च्या खाली टिकलं, हा आकडा विचारायला हवा.