भाषण संपते, तेथून पुढे

गेल्या पावसाळ्यात भिवंडी तालुक्यातील दिघाशी येथे एका शेतकरी स्नेह्यांच्या ओटीवर बसलो असता त्यांनी आपला मोबाइल पुढे केला आणि बारा मिनिटांचे एक भाषण मला ऐकवले. विषय होता चारसूत्री भातशेतीचा. डॉ. नारायण सावंत यांनी कोकणातील भातशेतीसाठी मांडलेली ही पद्धत नवी नाही. पण भाषण उत्तम होते. रोपवाटिकेत तुसाची राख घालावी, खाचरात गिरिपुष्पाचा पाला चिखलावा, दोरी धरून ठरावीक अंतरावर लावणी करावी आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी बोटभर खोल खोचावी, इतके सारे वक्त्याने स्वच्छ मराठीत सांगितले. भाषण संपल्यावर स्नेह्यांनी मोबाइल उलटा ठेवला व म्हणाले, "पटलं. पण दोरीनं लावायचं तर माणसं जास्त लागतात. ती सगळी गोदामात गेलीत. आणि जमीन अर्धेलीनं केलेली. गोळ्यांचा खर्च माझा का मालकाचा? मास्तर, हे विचारायचं कोणाला?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते आणि त्या भाषणापाशीही नव्हते.

विज्ञान आणि समाज यांतील नवे विचार छोट्या ध्वनिभाषणांतून लोकांपर्यंत नेण्याचा उत्साह सध्या मोठा आहे. सुशिक्षित शहरी वर्ग प्रवासात, स्वयंपाक करताना, फिरावयास जाताना अशी भाषणे ऐकतो. पेशींच्या रचनेपासून बेरोजगारीपर्यंत आणि हवामानबदलापासून लोकसंख्येपर्यंत सर्व विषय त्यांत येतात. याची टवाळी करणारांपैकी मी नाही. ज्या देशात पुस्तक विकत घेणे ही आजही चैन ठरते तेथे कानावाटे येणारे ज्ञान तुच्छ लेखणे हा अक्षरशत्रूंचा नव्हे, अक्षरश्रीमंतांचा अहंकार होय. भाषण आखूड असते म्हणून ते उथळ असते, हा आक्षेपही मला मान्य नाही. आकाशवाणीवर दहा-पंधरा मिनिटांची भाषणे कितीतरी दशके होत आली. चार पानांत विषय मांडून संपविण्याची शिस्त त्या माध्यमाने मराठी लेखकांना लावली. व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारखा लेखक पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांत काम करीत होता, हे विसरू नये.

आक्षेप निराळाच आहे. भाषण हे शिक्षणाचे अर्धे अंग असून आपण त्यालाच पूर्ण समजू लागलो आहोत.

हे केवळ माझे मत नाही. महाराष्ट्राच्या भूमीवरच त्याची शास्त्रशुद्ध परीक्षा झाली आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच मराठीभाषी जिल्ह्यांत ग्रामीण श्रोतामंडळांचा एक प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत मंडळे स्थापन झाली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रसारित होई. गावकरी एकत्र बसून तो ऐकत, ऐकून झाल्यावर त्यावर चर्चा करीत, आणि उठलेले प्रश्न पुणे केंद्राकडे पाठवीत. पुढील कार्यक्रमांत त्यांतील काहींची उत्तरे दिली जात. कल्पना मूळची कॅनडातील शेतकरी श्रोतामंडळांची. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे तेथील सूत्र होते.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी केले. या गृहस्थांविषयी दोन शब्द सांगण्याचा मोह आवरत नाही. ते मूळचे व्हिएन्नाचे. त्यांचे वडील ऑटो न्यूराथ यांनी १९२५ साली समाजवादी व्हिएन्नात एक संग्रहालय उभारले आणि कामगारांना आकडेवारी चित्रांच्या भाषेत समजावून सांगण्याची पद्धत शोधून काढली. मुलाने नाझींच्या डाखाऊ व बुखेनवाल्ड येथील छळछावण्या भोगल्या. एकाच माणसाचा आवाज राष्ट्राच्या कानात कोंबण्यासाठी रेडिओ कसा वापरता येतो, हे ज्याच्या पिढीने पाहिले, तो मनुष्य पुढे महाराष्ट्रातील खेड्यांत रेडिओभोवती लोक एकमेकांशी बोलतात कसे, हे तपासावयास आला.

त्यांनी काय केले? मंडळे असलेली काही गावे निवडली. त्यांच्या तुलनेसाठी मंडळे नसलेली गावे घेतली, आणि त्यांतही रेडिओ असलेली व रेडिओ नसलेली असा भेद केला. कार्यक्रमांपूर्वी व नंतर लोकांना त्याच विषयांवर प्रश्न विचारले. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानात मोठी भर पडलेली दिसली. जेथे मंडळ नव्हते तेथे, रेडिओ असूनही, फरक नगण्य होता. म्हणजे यंत्र होते, आवाज होता, भाषण तेच होते. फक्त शेजारी बसून वाद घालणारा माणूस नव्हता, आणि तेवढ्याने सारे वाहून गेले!

या निष्कर्षाला साठ-सत्तर वर्षे झाली. आज आपण नेमके उलट करीत आहोत. पूर्वी गावात एक रेडिओ आणि त्याभोवती वीस माणसे असत. आज वीस माणसांपाशी वीस मोबाइल आणि प्रत्येकाच्या कानात वेगळी बोंडे आहेत. भिवंडीच्या यंत्रमागाच्या खोलीत मागांच्या खडखडाटात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तेथे हातवाऱ्यांनी बोलण्याची रीत आहे. पण तो खडखडाट निदान सर्वांच्या कानी एकच पडतो. बोंडांनी माणूस शांततेतही एकटा पडतो. त्याला माहिती मिळते, पण ती कोणापुढे मांडून पारखता येत नाही.

आणि म्हणूनच अशा भाषणांचा आशयही हळूहळू एका बाजूला झुकतो. ऐकणारा एकटा असला की त्याला सांगितलेला उपायही एकट्यानेच करण्याजोगा असतो. आरोग्यावरील भाषण सांगते, व्यायाम करा. मागावर बारा तास उभ्या असणाऱ्या कामगाराच्या छातीत जाणाऱ्या कापसाच्या धुळीविषयी ते गप्प असते, कारण त्या धुळीचा उपाय एकट्याच्या हाती नाही. शेतीवरील भाषण गोळी किती खोल खोचावी ते सांगते. अर्धेलीचा करार कसा असावा ते सांगत नाही. वक्ता लबाड असतो असे नव्हे. त्याच्यापुढे प्रश्न विचारणारा कोणी बसलेला नसतो, म्हणून त्याला ते सुचत नाही. दिघाशीच्या ओटीवर जो प्रश्न निघाला तो बारा मिनिटांत वक्त्यापर्यंत पोहोचला असता, तर तेराव्या मिनिटाला त्याचे भाषण बदलले असते.

पुण्याचा प्रयोग यशस्वी झाला म्हणून १९५९ पासून श्रोतामंडळांची योजना देशभर नेण्यात आली. पुढे मंडळे हजारोंनी वाढली, ती सरकारी लक्ष्यपूर्तीच्या नियमाने. आणि त्याच नियमाने ओस पडली. तक्ता भरला जाई, चर्चा होत नसे. यात खेडुतांचा दोष मी तरी मानीत नाही. आपला प्रश्न वर जातो आणि परत काहीच येत नाही, हे दोनदा अनुभवल्यावर तिसऱ्यांदा प्रश्न विचारील तो मूर्खच.

येथे मूळ मुद्द्यास हात घालावा लागतो. आपल्या राज्यकर्त्यांना ध्वनिमाध्यम आवडते ते बोलण्यासाठी, ऐकण्यासाठी नव्हे. आणीबाणी जाहीर झाल्याचे देशाला २६ जून १९७५ च्या सकाळी रेडिओवरूनच ऐकावे लागले. ऑक्टोबर २०१४ पासून पंतप्रधान दरमहा 'मन की बात' करतात. त्यासाठी नागरिकांकडून सूचना मागविल्या जातात हे खरे, परंतु कोणती सूचना उचलावी हे बोलणाराच ठरवितो. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. त्यानंतर २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालविण्याची मुभा मिळाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून त्याच मार्गाने उभी राहिली. परंतु अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. बातमी हवी तर आकाशवाणीची पुनःप्रसारित करावी! गावाने भजन गावे, पाककृती सांगाव्या, खताचे प्रमाण सांगावे. रास्त भावाच्या दुकानात या महिन्यात धान्य का आले नाही, याचे वार्तापत्र मात्र देऊ नये. मालमत्ता सार्वजनिक, पण कुलूप सरकारी. ही मनाई उठविण्याची मागणी समाजवादी, पुरोगामी म्हणविणाऱ्या सर्व पक्षांच्या कार्यक्रमपत्रिकेवर असावयास हवी. ती आजवर किती ठिकाणी आली आहे, हे आपण आपल्यालाच विचारलेले बरे.

तोपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. श्रोतामंडळाला परवाना लागत नाही. मोबाइलला जोडावयाचा लहानसा कर्णा, शाळेची किंवा समाजमंदिराची पडवी आणि आठवड्यातून एक संध्याकाळ एवढ्यावर ते चालते. मात्र दोन पथ्ये पाळावी लागतील. पहिले, संध्याकाळची वेळ स्त्रियांना विचारून ठरवावी. चुलीच्या वेळेला मंडळ भरविले की ते पुरुषांचेच होते आणि लावणीत दिवसभर वाकणारी माणसे बाहेर राहतात. दुसरे, भाषणानंतर निघालेला प्रत्येक प्रश्न वहीत लिहावा, तो कोणाकडे पाठविला व उत्तर कधी आले याची तारीख घालावी, आणि ती वही ग्रामसभेत वाचावी. उत्तर न आल्याची नोंदही तितक्याच मोठ्याने वाचावी.

दिघाशीच्या स्नेह्यांना मी हे सुचविले. ते म्हणाले, वही आणतो, पण पहिला प्रश्न अर्धेलीचा लिहिला तर मालक आमच्याच आळीत राहतात, ते मंडळात येऊन बसतील. मी म्हटले, येऊ द्या, त्यांचेही उत्तर लिहून घेऊ. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. लावण्या आटोपल्यावर बघू, असे अखेर त्यांनी सांगितले आहे.