विद्युत्घटांच्या वेष्टनाविषयी भारतीय मानक ब्युरोस खुले पत्र

मा. महानिदेशक,
भारतीय मानक ब्युरो, मानक भवन, नवी दिल्ली यांस,



जी वस्तू दुकानाच्या गल्ल्यापाशी उभ्याउभ्या घेतली जाते, जिच्या निवडीसाठी कोणी घरात मसलत करीत नाही, आणि तरीही भिंतीवरच्या घड्याळापासून वृद्धांच्या श्रवणयंत्रापर्यंत अनेक उपकरणे जिच्या बळावर चालतात, त्या सेलविषयी एक दरखास्त आपल्या दप्तरी रुजू व्हावी, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

पेन्सिल सेल मागितला असता दुकानदार हाती ठेवतो तो जस्त-कार्बनचा असेल किंवा अल्कलाइन असेल. दोहोंचा आकार एक, दोहोंवर दीड व्होल्टचा आकडाही एकच, आणि भेद दाखविणारी खूण म्हणावी तर पहिल्यावर ‘आर ६’ व दुसऱ्यावर ‘एलआर ६’ ही सूक्ष्म अक्षरे, ज्यांचा उलगडा ना दुकानदारास होतो ना गिऱ्हाइकास. वस्तुतः हा भेद प्रकृतीचा आहे. जस्त-कार्बनचा घट हा जॉर्ज लक्लांशे याने १८६६ साली सिद्ध केलेल्या घटाचा वंशज. मागणी मंद असेल तर तो इमानाने चाकरी करतो, म्हणून घड्याळाला व रिमोटला तो पुरेसा आहे, आणि तेथे महागडा घट घालणे हा बहुधा अपव्ययच होय. मात्र अधिक प्रवाहाची मागणी होताच त्याचा अंतर्गत रोध आड येतो व विद्युद्दाब झपाट्याने उतरतो. घरगुती रक्तदाबयंत्रात दंडावरचा पट्टा फुगविणारा लहानसा पंप असतो. तेथे हा घट घातला, की थोड्याच दिवसांत पट्टा अर्धामुर्धा फुगून यंत्र थांबू लागते, आणि दोष घटाच्या निवडीचा असता ठपका यंत्रावर येतो, किंवा, याहून वाईट म्हणजे, वृद्ध माणूस रक्तदाब पाहणेच सोडून देतो. चार्ज करता येणारा निकेल-धातू-हायड्राइड घट नाममात्र १.२ व्होल्टचा असूनही अशा जड कामात टिकाव धरतो. पण त्याचा साधा प्रकार नुसता पडून राहिला तरी रिता होत जातो, म्हणून वीज गेल्यावरच हाती घ्यावयाच्या विजेरीत तो भरवशाचा नव्हे.

यावर कोणी म्हणेल, की घटाची धारणक्षमता मिलिअँपिअर-तासांत छापा म्हणजे झाले. मला हा उपाय अपुरा वाटतो, कारण एकच घट मंद प्रवाहात जेवढी वीज देतो तेवढी तीव्र प्रवाहात देत नाही, आणि एकाकी आकडा गिऱ्हाइकाची दिशाभूलच करील. आंतरराष्ट्रीय मानकांत खेळणे, विजेरी, रेडिओ अशा निरनिराळ्या उपयोगांनुसार घटांची कसोटी घेण्याची पद्धत पूर्वीपासून रूढ आहे. त्या कसोटीत घट किती तास चालला, तो आकडा उपकरणाच्या चित्रासह वेष्टनावर छापण्याची सक्ती व्हावी, ही माझी मुख्य मागणी आहे. आज ‘अमुक पट अधिक टिकतो’ अशी ग्वाही ठळक छापली जाते आणि तुलना कोणत्या घटाशी केली, हे मात्र बारीक टिपेत सांगितले जाते. तासांचा आकडा समोर असला, तर अशा ग्वाहीची मातब्बरी राहणार नाही. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे सक्तीचा मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत दिला की भागते, मग गिऱ्हाइकास ती भाषा येवो वा न येवो. चित्र व अंक यांना भाषेची ही अडचण नाही.

नाण्यासारख्या चपट्या लिथियम घटांबाबत तर विलंब परवडणारा नाही. ‘सीआर २०३२’ हा २० मिलिमीटर व्यासाचा, ३ व्होल्टचा घट मुलाने गिळला व तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आतही तेथील ऊतींना गंभीर इजा होऊ शकते. मुलाच्या हातांनी न फाटणारे वेष्टन, त्यावर धोक्याचे ठसठशीत चित्र आणि खेळण्यातील घटाच्या कप्प्याला स्क्रू, या तिन्ही गोष्टींच्या अंमलबजावणीची कसून तपासणी व्हावी, व ती मोठ्या शहरांतील दालनांपुरती न राहता जत्रेतील व आठवड्याच्या बाजारातील खेळण्यांपर्यंत पोहोचावी.

कळावे.

आपला विनम्र,
एक ग्राहक