जंगल रिकामं नसतं!

खरं सांगायचं तर, मी पहिल्या ट्रेकला गेलो तो शेवटची व्हायवा संपल्याच्या आनंदात. अनुभव शून्य! सॅक रूममेटची, टॉर्च शेजारच्या रूममधला, बूट क्रिकेटचे. "वासोटा म्हणजे काय, एक किल्ला. चढायचं, फोटो काढायचे, उतरायचं," एवढीच आपली तयारी.

बामणोलीला वनखात्याची परवानगी काढून आम्ही बाराजण लाँचमध्ये बसलो. शिवसागर जलाशय पार करायलाच दीडेक तास लागला. पायथ्याच्या चौकीवर वनरक्षकांनी सॅका उघडायला लावल्या आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या, पिशव्या मोजून लिहून घेतल्या. येताना तेवढ्याच दाखवायच्या. आम्हाला हसू आलं. मेसमध्ये ताटंसुद्धा कुणी इतकी मोजत नाही!

जंगलात शिरलो आणि दहा मिनिटांत ऊन गायब. जांभूळ, हिरडा, अंजनी यांच्या फांद्या वर इतक्या दाट मिसळलेल्या की सकाळी अकरा वाजता संध्याकाळ झाल्यासारखं वाटावं. मनगटाएवढ्या जाड वेली, पायाखाली कुजलेल्या पानांचा थर, आणि जानेवारीतही घामाच्या धारा. तासाभरात माझे गुडघे बोलायला लागले. मी मागे पडलो. पुढच्यांचा स्पीकर आधी लांब गेला, मग ऐकूच येईना.

पहिल्यांदा वाटलं, काय भयाण शांतता! पण पाच मिनिटं बसल्यावर एकेक आवाज सुटा व्हायला लागला. वर शेकरू खडखडाट करत एका झाडावरून दुसऱ्यावर गेलं. कुठला तरी पक्षी सारखी एकच तान घेत होता. उठून निघालो तर वाटेवर गव्याचं ताजं शेण! पाय कापायला लागले आणि ते थकव्याने नव्हे. आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय, हे तेव्हा कळलं. मग धावत जाऊन गँग गाठली आणि आधी स्पीकर बंद करायला लावला. शिव्या खाल्ल्या, पण केला.

वरून बाबूकडा पाहिला. तो शब्दांत पकडायचा प्रयत्न करत नाही, जाऊनच बघा. पण मला लिहायचंय ते परतीच्या लाँचमधलं. मी सहज म्हटलं, "मामा, असल्या आडरानात माणूस राहणार तरी कसा?" लाँचवाल्या मामांनी पाण्याकडे बोट केलं. "आडरान कशाचं, पोरा? आमच्या आज्याची भातखाचरं हुती हितं, ह्या पाण्याखाली. पाणी चढलं तसं वर सरकलो. मग अभयारण्य झालं, तिथनंबी उठलो." आवाजात राग नव्हता. मला मात्र पुढे बोलता येईना.

मित्रांनो, आपण इंजिनिअर होणार. कोयना आपल्याला पाठ असते. धरण पुरं झालं १९६४ साली, उंची १०३ मीटर, वीजप्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट, लेक टॅपिंग १९९९ आणि २०१२ साली. हे लिहिलं की मार्क मिळतात. उठलेल्या गावांचा प्रश्न मला तरी पेपरात कधी आला नाही. कोयनेच्या धरणग्रस्तांना पार सोलापूर, रायगडपर्यंत पांगावं लागलं आणि पन्नास वर्षांनंतरही हक्काच्या पुनर्वसनासाठी आंदोलनं करावी लागली.

आमच्यातला एकजण म्हणाला, "पण ते उठले नसते तर हे जंगल तरी राहिलं असतं का?" प्रश्न रास्त आहे. १९८५ साली अभयारण्य झालं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. गव्याला, अस्वलाला, वाघाला निवांत जागा हवीच. आणि वीज नको असं मी हॉस्टेलच्या ट्यूबलाइटखाली बसून कुठल्या तोंडाने लिहू? पण जंगल हवं, वीजही हवी, तर त्यांची किंमत कुणी भरली एवढं तरी माहीत हवं. आपण तिथे जाऊन ढिंगाणा घालतो, तो 'इथे कोणीच नाही' असं समजून. हा समजच खोटा आहे. तिथे जनावरं आजही आहेत. माणसं होती, त्यांना उठवलं.

म्हणून आपल्या हॉस्टेलच्या ट्रेक ग्रुपला तीन गोष्टी सुचवतो. स्पीकर रूमवरच ठेवा. तिथल्याच माणसाला वाटाड्या घ्या आणि पैशांसाठी घासाघीस करू नका. आणि निघण्याआधी एक संध्याकाळ बसून त्या जागेची माहिती वाचा, फक्त किल्ल्याची नव्हे, गावांचीही. चौकीवर आमचं प्लॅस्टिक पूर्ण भरलं, एक पिशवी उलट जास्तच निघाली. वाटेत सापडली होती, कुणीतरी टाकलेली.

पुढच्या ट्रेकला मी येणार आहे. बूट मात्र या वेळी स्वतःचे घेईन!