चाचणीत चमकतो तो

सारसोळे, कुकशेत, दारावे, करावे, शिरवणे. नेरुळच्या इमारतींनी वेढलेल्या या आगरी-कोळी गावांत कबड्डीचा संघ नसणे म्हणजे गावाला जत्रा नसण्यासारखे. सिडकोसाठी जमिनी गेल्या, मोकळी मैदाने आटली, तरी संध्याकाळी गावठाणात दम घुमतोच. इथल्या प्रशिक्षकांशी बोलताना हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. कंपनीच्या संघात, महाविद्यालयाच्या कोट्यात, अकादमीत मुलगा घ्यायचा तर कोणता रेडर मागतात? उत्तरही सगळ्यांना पाठ आहे: पळणारा.

पळणारा म्हणजे मध्यरेषा ओलांडल्यापासून पाय न थांबवणारा, एका कोपऱ्यावर झेप घेऊन तिथूनच वळणारा, पळत्या हाताने गडी टिपून परतणारा. दुसरा उभ्याने खेळणारा. हा निदान रेषेच्या आसपास घुटमळतो, कोपरारक्षकाला पाय दाखवतो, बोनसची धमकी देतो, वीस-पंचवीस सेकंद काढतो आणि समोरच्याने उतावळेपणा केला की पायाने किंवा हाताने गुण घेतो. नाही केला, तर रिकामा परत येतो. दोन्ही जातींचे खेळाडू आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. बदलली आहे ती मागणी.

मागणी का बदलली हे उघड आहे. मातीवर अनवाणी पायाने जे वळण घेताना घसरायला व्हायचे, ते मॅटवर बुटांच्या पकडीमुळे सहज जमू लागले. त्यात २०१४ पासून प्रो कबड्डी घराघरांत आली. ५ जानेवारी २०१९ रोजी वरळीत सहाव्या हंगामाचा अंतिम सामना झाला, तेव्हा पवन सेहरावतने एकट्याने चढाईत २२ गुण घेतले आणि बंगळुरू बुल्सने गुजरातला ३८-३३ असे हरवले. तो सामना पाहिलेल्या कोणत्या पोराला उभ्याने खेळावेसे वाटेल? २०२३ च्या लिलावात याच पवनसाठी तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. प्रशिक्षकाने पोराला कितीही समजावले तरी हा आकडा त्याच्या डोक्यात आधीच बसलेला असतो.

पण याच लीगच्या पहिल्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू कोण होता हे आठवावे. यू मुंबाचा कर्णधार अनुप कुमार. चेहऱ्यावरची रेघ न हलवता उभ्याने खेळणारा, बोनसचा राजा. त्याच्या नेतृत्वाखाली यू मुंबाने २०१५ मध्ये विजेतेपद घेतले आणि भारताने २०१६ चा विश्वचषक अहमदाबादमध्ये जिंकला. असा खेळाडू आज १९ वर्षांचा असता आणि आपल्या एखाद्या जिल्हा निवड चाचणीला आला असता, तर पहिल्या फेरीत टिकला असता का? आमचे मत विचाराल तर बहुधा नाही. आणि दोष पळणाऱ्यांचा नाही, चाचणीचा आहे.

आधी मैदानाचे गणित पाहू. दोन्ही बाजूंची राखीव क्षेत्रे झटापट होईपर्यंत बंद, म्हणजे चढाईपटूला रुंदी मिळते ८ मीटर. समोर सात जण उभे असले की या ८ मीटरमध्ये कोपरा-कव्हर अशा दोन-तीन साखळ्या उभ्या असतात. पळणारा एका कोपऱ्यावर गेला की दुसऱ्या बाजूची साखळी त्याच्या परतीच्या वाटेवर सरकते. इथे पळणाऱ्यासाठी धोका सर्वांत जास्त. उभ्याने खेळणाऱ्यासाठी मात्र सहा-सात गडी म्हणजे खुले दुकान, कारण बोनस तेव्हाच मिळतो. बचावातले गडी पाचावर आले की त्याचे ते हत्यार जाते. उलट समोर तीन-चारच उरले की मोकळी जागा पळणाऱ्याची, साखळीला माणसेच नाहीत. पण तिथेही तिघांत पकडला गेला तर अव्वल पकड, म्हणजे विरोधी संघाला दोन गुण आणि लोण लांबणीवर. शिवाय बोनसच्या गुणाने बाहेर बसलेला गडी आत येत नाही. संघाचे चार जण बाहेर असताना बोनसवर बोनस घेणारा गुणफलक हलता ठेवतो, पण संघ उठवत नाही. बाकावरच्या प्रशिक्षकाला हे सगळे माहीत असते. निवडीच्या टेबलावर बसताना मात्र तो ते विसरतो.

चाचणीत होते काय? सव्वाशे मुले, एक मॅट, एक दिवस. सात-सात जणांचे गट पाडायचे. सातही जण वेगवेगळ्या गावांचे, वेगवेगळ्या क्लबांचे, एकमेकांचे नावही धड माहीत नसलेले. कोपऱ्याने पाय धरला तर कव्हर धावून येईल की बघत राहील, याचा भरवसा नाही. हात कोणी कोणाचा धरायचा हेच ठरलेले नसते, मग साखळी बनणार कशी? अशा बचावासमोर पळणारा मुलगा हवे तसे गुण घेतो, कारण त्याला अडवायला जी गोष्ट लागते तीच त्या दिवशी मैदानावर नसते. उभ्याने खेळणाऱ्याचे नेमके उलटे. त्याचा सगळा डाव बचावाच्या सवयी वाचण्यावर असतो, आणि अनोळखी सात जणांना सवयीच नसतात. वर त्याला चढाया मिळणार तीन किंवा चार. त्यातल्या दोन रिकाम्या गेल्या की गुणलेखकाच्या कागदावर शून्य-शून्य, आणि शेजारी बसलेल्या निवडकर्त्याची मान नकारार्थी हलते. सामन्यात याच दोन रिकाम्या चढायांनी संघाची आघाडी टिकवली असती, घड्याळातला एक मिनिट खाल्ला असता, हे त्या कागदावर कुठेच येत नाही.

म्हणून पुढे वर्षभरात काय दिसते ते प्रत्येकाने आपापल्या संघात तपासावे. चाचणीत दहा गुण घेतलेला मुलगा चांगल्या क्लबच्या जमलेल्या बचावासमोर तिसऱ्या, म्हणजे दोन रिकाम्यांनंतर गुण घ्यावाच लागणाऱ्या चढाईला अडकतो. मग प्रशिक्षक म्हणतो, पोरगा दबावात कच्चा. पोरगा कच्चा नसतो. त्याची परीक्षाच कधी झालेली नसते.

असा घोळ आपल्याकडेच होतो असे नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा संघाचा चेंडू फेकणारा सूत्रधार. तो पळणारा हवा की मागे उभा राहून शांतपणे फेकणारा, यावर तिथल्या महाविद्यालयीन प्रशिक्षकांचे वाद वर्षानुवर्षे चालू आहेत. टॉम ब्रेडी हा उभा राहून फेकणारा, चाचणीतल्या धावण्यात अगदी मंद. २००० साली व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत तो १९९ व्या क्रमांकावर उचलला गेला. पुढे तो सात विजेतेपदे घेऊन गेला. आणि पळणारा लमार जॅक्सन? २०१६ साली महाविद्यालयीन खेळातला सर्वोच्च पुरस्कार मिळवलेल्या या मुलाला २०१८ च्या निवडीआधी काही जाणकार जागाच बदलायला सांगत होते. संघांनी त्याला ३२ व्या क्रमांकापर्यंत थांबवले, आणि दुसऱ्याच हंगामात तो तिथल्या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कोट्यवधी डॉलर आणि स्टॉपवॉच हाताशी असूनही दोन्ही जातींच्या बाबतीत चूक झाली.

आपल्या मातीतला सिद्धार्थ देसाई तर या दोन्ही खणांत बसत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेला हा उंच, रेटून परतणारा गडी. प्रो कबड्डीच्या सहाव्या हंगामात पदार्पणातच त्याने चढाईत २१८ गुण घेतले आणि पुढच्या लिलावात १ कोटी ४५ लाखांना गेला. त्याला पळणारा म्हणावे की उभा, हा वाद घालण्यात अर्थ नाही.

मात्र एकट्या चढाईपटूवर संघ उभा करण्याचा धोकाही याच लीगने दाखवला. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने पवनला २ कोटी २६ लाख ५० हजारांना घेतले, आणि पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत होऊन त्याचा हंगाम संपला. तरीही नरेंदरसारखा नवखा मुलगा पुढे झाला आणि संघ उपांत्य फेरीत पोहोचला. एकावर भिस्त ठेवण्याच्या उलट रचना पुणेरी पलटणची. १ मार्च २०२४ रोजी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून त्यांनी पहिले विजेतेपद घेतले. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातून आलेला अस्लम इनामदार कर्णधार, सोबत मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे. चढाईचा भार वाटलेला. समोर किती गडी आहेत हे पाहून कोणाला पाठवायचे हे ठरवायची सोय या संघाकडे होती.

आता प्रशिक्षक आणि निवड समित्यांना आमची मागणी. चाचणीतला बचाव उमेदवारांतून उभा करू नका. जिल्ह्यातल्या एखाद्या जमलेल्या क्लबचे सात जण बोलवा, त्यांना प्रवासभत्ता द्या आणि सगळ्या चढाईपटूंना त्याच सातांसमोर उतरवा. प्रत्येकाला सातांसमोर एक, पाचांसमोर एक, तिघांसमोर एक आणि एक तिसरी चढाई द्या. एक चढाई अशी द्या की रिकामे परतणे हेच काम, निदान रेषा ओलांडून पूर्ण ३० सेकंद काढायचे. गुणलेखकाला रिकाम्या चढाईचे सेकंद लिहायला लावा. ज्यांना पळणाराच हवा आहे त्यांनाही यात तोटा नाही. जमलेल्या साखळीतून जो पळून परततो, तो मग खरा पळणारा.

यावर संघटकांची तक्रार ठरलेली: एवढ्या मुलांना पाच-पाच चढाया द्यायच्या तर दिवस पुरत नाही. तक्रार खरी आहे. सव्वाशे मुलांच्या पाच चढाया, गडी बदलायचा वेळ धरून, सकाळ-संध्याकाळ दोन दिवस खातील. पण याच संघटना गावोगावच्या स्पर्धांना चार-चार रात्री प्रकाशझोत लावतात. निवडीसाठी एक जादा दिवस आणि सात जणांचा भत्ता हा खर्च नेमका कोणत्या खात्यातून निघत नाही, ते एखाद्या जिल्हा सचिवाने आम्हाला सविस्तर लिहून कळवावे. पुढच्या अंकात छापू.