यात्रेतील मूठभर फुटाणे

पौष पौर्णिमेला नळदुर्गच्या मैलारपुरात श्रीखंडोबाची यात्रा भरते. मराठवाड्यातून, सोलापूरकडून आणि सीमेपलीकडील कर्नाटकातूनही भाविकांची रीघ लागते. भंडाऱ्याने माखलेली कपाळे, ‘यळकोट यळकोट जय मल्हार’चा गजर आणि दर्शनासाठी लागलेली लांबच लांब रांग! अशा वेळी दोन जेवणांमधील भूक कशाने भागवावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नव्हे.

रक्तातील साखरेची चिंता मधुमेह्यांनीच करावी, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा होय. धडधाकट माणसाच्या रक्तातही खाल्ल्यानंतर साखर चढते. स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते आणि ती पुन्हा उतरते. हा चढउतार किती तीव्र व्हावा, हे मात्र पदार्थावर अवलंबून असते. आणि जिभेला लागणारी गोडी ही त्याची खूण नव्हे. चुरमुरे गोड नसतात, तरी त्यांतील फुललेले पिष्ट झटपट पचते व साखर चटकन वाढते. उलटपक्षी फुटाण्यांतील प्रथिने व तंतू यांमुळे ते सावकाश पचतात आणि पोटाला आधार राहतो. शेंगदाण्यांनीही साखर फारशी वाढत नाही. मात्र १०० ग्रॅम दाण्यांत पाचशेहून अधिक किलोकॅलरी असतात. म्हणून ते मूठभरच बरे.

पदार्थाचे रूप पालटले की परिणामही पालटतो. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी १९७७ साली दहा निरोगी व्यक्तींना सफरचंदे, त्यांचा लगदा आणि त्यांचा रस असे तिन्ही प्रकार देऊन पाहिले. पिष्टमय घटकांचे प्रमाण तिन्हींत समान होते. तरीही रसाने तृप्ती सर्वांत कमी झाली, इन्सुलिन अधिक स्रवले आणि नंतर साखर अधिक खाली घसरली. चावून खाल्लेल्या फळाचे काम पेलाभर रसाने होत नाही, हाच त्याचा अर्थ.

आमच्या वाडवडिलांनी यात्रेच्या पुरचुंडीत चुरमुऱ्यांबरोबर फुटाणे व शेंगदाणे बांधले, ते प्रयोगशाळेत मोजमाप करून नव्हे. पण ती जोड शहाणपणाची होती. आज त्या पुरचुंडीची जागा बिस्किटांचे पुडे आणि गोड पेयांच्या बाटल्या घेऊ लागल्या आहेत. भाविकांच्या सेवेसाठी फराळ वाटणाऱ्या मंडळांची भावना निःसंशय वंदनीय आहे. त्यांनी बाटलीऐवजी पाणी, पुड्याऐवजी फुटाणे आणि रसाऐवजी पेरू किंवा बोरे दिली, तर खर्च फारसा वाढणार नाही आणि सेवेचे मोल मात्र निश्चित वाढेल. मधुमेह असलेल्यांनी अर्थातच आपल्या वैद्यांचा सल्ला प्रमाण मानावा.

देवाच्या दारी आलेला भक्त तृप्त होऊन आणि प्रकृतीने सुखरूप घरी परतावा, हीच मार्तंडचरणी प्रार्थना.