माफीची लाइफटाईम व्हॅलिडिटी?

"ख्रिश्चनांचं बरंय राव, पाप करा, सॉरी म्हणा, मोकळे!" हे वाक्य ऑफिसात इतक्यांदा ऐकलंय की आता डोक्यात जातं. अरे बाबांनो, जरा इतिहास तरी चाळा. कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्येच स्वच्छ सांगितलं, की गंभीर पापाने मिळालेली कृपा जाते. परत हवी तर पश्चात्ताप आणि पाद्र्यापुढे कबुली. आणि मनापासून पश्चात्ताप नसेल, तर त्या कबुलीला काडीची किंमत नाही.

हां, हॉलंडमधल्या डॉर्टच्या सभेने (१६१८-१९) उलटं ठरवलं: देव आपल्या निवडलेल्यांना शेवटपर्यंत सोडत नाही. मग झालं ना फुकट लायसन्स? नाही! त्याच ठरावांत दावीद आणि पेत्र कसे घसरले तेही आहे, आणि अशा पापाने देव दुखावतो, माणसाची सदसद्विवेकबुद्धी जखमी होते असंही लिहिलंय. घरातून हाकलत नाहीत म्हणजे बापाला काही वाटत नाही असं थोडंच असतं?

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. तारण हातचं घालवताही येतं म्हणणाऱ्या आर्मिनियसपंथी पाद्र्यांना, सुमारे दोनशे जणांना, या सभेनंतर पदांवरून काढलं. कायमच्या क्षमेवर ठराव करणाऱ्यांना साधा मतभेद माफ करवला नाही. त्या बंडखोरांचं छोटंसं चर्च हॉलंडात अजून चालू आहे, हे जाता जाता.