शांग्रिलेचे स्वप्न

हिमालयापलीकडे तिबेटात, जगाच्या कोलाहलापासून दूर, सदैव ध्यानमग्न असा एक शांतिलोक आहे. एकदा तेथे जाऊन यावे, असे स्वप्न आमच्या सुशिक्षित घरांतून मोठ्या आवडीने पाहिले जाते. या स्वप्नावर आमचा आक्षेप आहे. ते मुळी तिबेटी नव्हेच. ‘शांग्रिला’ ही जेम्स हिल्टन या इंग्रज कादंबरीकाराने १९३३ साली कल्पिली; आणि २००१ साली चीनने युन्नान प्रांतातील झोंगडियानला तेच नाव देऊन त्या कल्पनेचा बाजार मांडला.

प्रत्यक्षात काय घडले? १९५९ साली दलाई लामांना देश सोडावा लागला. त्यांच्यामागून सहस्रावधी लोक हिमालय ओलांडून भारतात आले. सांस्कृतिक क्रांतीच्या अखेरीपर्यंत असंख्य मठ उद्ध्वस्त झाले. ज्या भूमीस आपण शांतीचे माहेर म्हणतो, तिच्या परागंदा लेकरांस ते माहेर पारखे झाले, याचे आपणांस काहीच वाटू नये काय?

कोणी म्हणेल, स्वप्नाने कोणाचे काय बिघडते? बिघडते ते हे की, अशा स्वप्नात पर्वत दिसतात, माणसे दिसत नाहीत. राहुल सांकृत्यायन १९२९ साली तिबेटात गेले ते मनःशांतीसाठी नव्हे, विद्येसाठी. आणि परतताना त्यांनी ग्रंथांचे भार खेचरांवर लादून आणले. ज्यास त्या पर्वतांची ओढ असेल त्याने प्रथम तेथील भाषेचे चार शब्द शिकावे, तेथील माणसांचे दुःख जाणून घ्यावे. मग खुशाल सामान बांधावे.